येळवशीच्या दिवशी तू हैदराबादला गेलीस

बिदर शहर, भालकी, औराद आणि आजूबाजूची समस्त खेडीपाडी यांतील सुज्ञ जनांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मूळच्या संतपूरच्या व हल्ली मुक्काम मैलूर, बिदर येथील, रसायनशास्त्राच्या अधिव्याख्यात्या निर्मलाबाई या गेल्या आठवड्यात आपल्या जिवलग मैत्रिणीस कसलीही पूर्वसूचना न देता निघून गेल्या आहेत. हा त्यांचा दुसरा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची सुनावणी अद्याप पूर्ण झालेली नाही. आरोपी हजर राहू शकत नसल्याने फिर्यादीने एकटीनेच बोलत सुटण्याचे ठरविले आहे. सबब सर्वांनी नोंद घ्यावी.

घे, निम्मे. एवढं गंभीर मला जमतं. यापुढं जमेलसं वाटत नाही.

तुझी जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरात तुझ्या पासपोर्ट फोटोखाली छापून आलं. फोटोत तू अशी बघतेयस की जणू फोटोग्राफरनं तुझी परीक्षानळी फोडलीय. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुला 'शिस्तप्रिय' म्हटलं, आधी कानडीत, मग मराठीत, मग इंग्रजीत. मी मागच्या खुर्चीवर बसून त्यांच्यापेक्षा चांगला शब्द शोधत होते. आपल्या त्या इंग्रजी शब्दांच्या पुस्तकात शिस्तीचा बडगा घेऊन फिरणाऱ्या माणसाला एक झकास शब्द होता, मार्टिनेट. मी तो शेजारच्या बाईच्या कानात सांगितला. ती डोळे पुसत म्हणाली, गोड नाव आहे, कुणाच्या मुलीचं?

तू असतीस तर मला चिमटा काढून गप्प केलं असतंस. तू नव्हतीस, म्हणून मला हसू आलं आणि ते दाबता दाबता मी एवढी हुंदके देऊन रडले की प्राचार्यांनी भाषण आवरतं घेतलं.

मला तुझ्याशी एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. रात्री उघड्या विहिरीच्या कडेनं माणसं जपून चालतात, तशा आपण दोघी इतके दिवस त्या गोष्टीच्या कडेनं चाललो. आता तू गेलीस म्हणून मी ती सोडून देईन असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस. आणि माझी तक्रार तीच तर आहे.

ते पुस्तक आलं तुझ्या पुतण्यामुळं. त्याला अमेरिकेत एम.एस. करायचं होतं, म्हणून त्यानं जीआरई नावाच्या प्रवेशपरीक्षेचं विटेएवढं पुस्तक आणलं, सुरुवातीची पानं पिवळ्या पेनानं रंगवली, आणि बेंगळुरूला नोकरी लागल्यावर ती वीट तुझ्या माळ्यावर टाकून निघून गेला. तेव्हा तुझ्या गच्चीवर आपण तुरीची डाळ निवडत होतो. चाळा म्हणून तू ते पुस्तक खाली काढलंस, मध्येच कुठंतरी उघडलंस आणि वाचलंस, "गॅर्युलस, म्हणजे गरज नसताना फार बोलणारा." मग मान वर करून माझ्याकडं बघितलंस.

मी म्हटलं, कंसात माझं नाव दिलंय का बघ.

त्या दिवशी डाळ तशीच राहिली. माणसाच्या प्रत्येक खोडीला इंग्रजीत वेगळं नाव आहे, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी कसा सांगू? आपल्याकडं हट्टी म्हटलं की झालं. तिकडं ऐकत नाही तो वेगळा हट्टी, दगडासारखा बसून राहतो तो वेगळा, चूक कळूनही हटत नाही तो आणखी वेगळा. सगळं संतपूर त्या पुस्तकात बिऱ्हाड करून बसलं होतं. मी पान उलटायची आणि म्हणायची, अगं, हे तर आपले हेडमास्तर. अगं, ही तर माझी आत्या.

परीक्षा देऊ या असं पहिल्यांदा कोण म्हणालं? तू शेवटपर्यंत म्हणायचीस, मंगल म्हणाली. मी अजून म्हणते, तू म्हणालीस. हा वाद तसाच राहिला. पण पंचेचाळिशी ओलांडलेल्या दोन बायकांनी डाळीच्या सुपाला सूप लावून ते ठरवलं, एवढं मात्र दोघींनाही मान्य होतं. तुला पीएच.डी. करायची होती. ती लग्न, मूल आणि नोकरी यांच्या गर्दीत कुठंतरी हातातून सुटली होती. आणि मला काय करायचं होतं, ते फक्त तुला माहीत होतं.

मी मराठी शाळेत समाजशास्त्र शिकवणारी बाई. एम.ए. केलं तेही बाहेरून, पोळ्या लाटत. माझी ख्याती एकच. बारसं असो, डोहाळजेवण असो, लोक म्हणतात, मंगलबाईंना बोलवा, हसवतात. त्या पुस्तकात मागं कुठंतरी वाचलं की परदेशात लोककथा हा विषय घेऊन शिकता येतं. चुलीपुढं सांगायच्या गोष्टींचा अभ्यास करतात आणि त्याला चक्क पदवी देतात. मी तुला म्हटलं, निम्मे, मला हे शिकायचंय. मी ते हसत हसतच म्हटलं, कारण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बोलता येत नाही. तू हसली नाहीस. तू चष्मा वर ढकलून एवढंच विचारलंस, "कुठल्या युनिव्हर्सिटीत?"

त्या प्रश्नासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहिले असते, निम्मे. तूच राहू दिलं नाहीस.

मग सुरू झाला आपला अभ्यास आणि त्याच्याबरोबर भांडण. तुझं म्हणणं, शब्द पाठ करायचा नसतो, त्याची मुळी धरायची असते. लोक्व म्हणजे बोलणं. त्यातून लोक्वेशस आला, एलोक्वंट आला, सगळा वेल हाताला येतो. मी म्हणायची, मुळ्या धरायला मी काय हळद खणायलेय? मला शब्द लक्षात राहायला माणूस लागतो. म्हणून मी उखाणे रचायला लागले. पहिला तुझ्या नवऱ्यावर रचला, कारण शिवराजरावांच्या तोंडून दिवसाकाठी दोन वाक्यं निघाली तर तुमच्या घरात सण असायचा:

कोवळ्या तुरीवर हिवाळ्याचं ऊन,
शिवराजराव टॅसिटर्न, बसतात धरून मौन.

मग माझ्या नवऱ्याचा नंबर लागला. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू, हे माझ्या सात जन्मांत आता पुसायचं नाही:

ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा,
दिगंबरराव पार्सिमोनियस, वाढतात मोजून तोळा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हे दोन्ही म्हणून दाखवले. बायका हसून लोळल्या, अर्थ कुणीच विचारला नाही. तू कपाळाला हात लावून बसली होतीस. म्हणालीस, परीक्षेत उखाणे घालणार आहेस का? मी म्हटलं, विचारलं तर घालीन.

दर रविवारी आपण एकमेकींची परीक्षा घ्यायचो. हरेल तिनं सुशीला करायचा, चुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचं कूट घालून. तुझ्या हातचा सुशीला मी किती खाल्ला, निम्मे! मीठ नेहमी कमी. बहुतेक वेळा तूच करायचीस. कधी तुझं डोकं दुखत असायचं, कधी रात्री कॉलेजचे पेपर तपासत जागलेली असायचीस, कधी पुस्तकातच अर्थ चुकीचा छापलेला असायचा. वाटी माझ्यापुढं ठेवून तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, माझ्या पाचकळपणाला कंटाळलीस. म्हणून मी आणखी पाचकळपणा करायची.

खाली अंगणात तुझ्या सासूबाई बसलेल्या असायच्या. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणते. गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवत नसे, पण कान शाबूत. एकदा त्यांनी खालून विचारलं, "काय गं, कसला मंतर पाठ करायलाव?" मी वरून सांगितलं, अमेरिकेला जायचा मंत्र आहे, अव्वा. त्या म्हणाल्या, मग जोरात म्हणा, मला बी ऐकू द्या.

आणि गणित. त्या परीक्षेत शब्दांइतकंच गणितही असतं, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून घरी जायला उठले होते. एस.एस.एल.सी.ला मी गणितात कशी पास झाले, हे मलाही माहीत नाही आणि बोर्डालाही नसावं. तू माझा पदर धरून खाली बसवलंस. डाळीचे छोटे ढीग केलेस आणि त्या ढिगांवर मला गुणोत्तर शिकवलंस, टक्केवारी शिकवलीस. मी चुकले की तू पुन्हा ढीग करायचीस, न रागावता. वर्गात पोरींना थरथर कापायला लावणारी तू, माझ्यापुढं डाळ मांडून बसायचीस. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कुणी एवढं मन लावून शिकवलेलं नाही. हे लिहिताना मला तुझा राग येत नाहीये, आणि राग येत नाही म्हणून जास्त राग येतोय.

आमचे दिगंबरराव म्हणायचे, या वयात अमेरिका? आधी औरादच्या बसमध्ये जागा मिळवून दाखव. तू त्यांना तोंडावर सुनावलंस, "भाऊजी, मंगीला जागा मिळती. लोक उठून देत्यात, तिचं बोलणं ऐकायला."

ठरलं असं होतं की पुढची संक्रांत झाली की हैदराबादला जायचं. एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, शेजारशेजारच्या कंप्युटरवर बसून परीक्षा द्यायची. नंतर बिर्याणी, आणि त्या दिवशी घरी कुणी स्वयंपाक विचारायचा नाही. तारीख तू घेणार होतीस. मी विचारलं की तू म्हणायचीस, "जागा दिसंना गं, बघू." मी बघत राहिले.

मग येळवस आली. परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, निम्मे, तू जरा थांब. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला गावं ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते रिकामे, घरात कुत्रं नाही. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, खाऊन खाऊन तिथंच आडवं व्हायचं. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाले नेतात. तू दरवर्षी संतपूरला आमच्या शेतात यायचीस. लहानपणापासून, लग्नानंतरही, एकदाही खंड नाही.

त्या वर्षी आदल्या दिवशी फोन केलास, अंगात ताप आहे. शिवराजराव आणि तुझा लेक आले, तू घरी राहिलीस, अव्वा आणि तू अशा दोघीच. मी तुझ्यासाठी डबा भरून वेगळा ठेवला. भज्जी, उंडे, आणि तुला आवडते तशी आंबट झालेली आंबील. पोरांना दम दिला की या डब्याला हात लावाल तर पांडव बघून घेतील.

दुपार कलली आणि माझ्या नणंदेचा, सुमनचा, फोन आला. तिच्या सासरचं शेत हैदराबादच्या रस्त्याला लागून आहे. आता तुझी हुशारी सांगते. तू विचार केलास की येळवशीला अख्खं बिदर रानात असतं, बसस्टँडवर चिटपाखरू नसणार, म्हणजे मला कोण बघणार? रसायनशास्त्रवाल्या बाईचा हिशेब. पण अगं, संतपूरची ना तू? माणसं रानात म्हणजे कुठं? रस्त्याच्या कडेलाच की. आणि येळवशीला आपल्या शेतावरून कुणी उपाशी पुढं गेलं तर चालतं का? बाकीच्या दिवशी तू बुरखा घेऊन गेली असतीस तरी निभावलं असतं. पण वर्षातला हा एकच दिवस असा, की बसमधून जाणाऱ्या माणसालाही लोक सोडत नाहीत.

सुमनच्या सासऱ्यांनी सकाळीच रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावून बस थांबवली. ड्रायव्हर इथलाच, त्याला आग्रह लागलाच नाही. तो इंजिन बंद करून सगळ्यांच्या आधी पत्रावळीवर जाऊन बसला. कंडक्टर त्याच्यामागं. सगळे उतरले, तू उतरेनास. डोक्यावर पदर ओढून खिडकीखाली वाकून बसलीस. तेव्हा सासरे हातात आंबिलीचं मडकं घेऊन थेट बसमध्ये चढले आणि म्हणाले, ताई, तुम्ही जेवल्याबिगर ही बस हलायची न्हाई. तुला उतरावं लागलं. सुमननं तुला ओळखलं, पान वाढलं, कुठं निघालीस विचारलं. तू म्हणालीस, डॉक्टरकडं. "तब्येत बरी न्हाई म्हणायल्या, वैनी," सुमन मला फोनवर सांगत होती, "पर भज्जी दोनदा घेतल्या. अन् सारख्या घड्याळाकडं बघायलत्या."

मी ही गोष्ट नंतर शंभर ठिकाणी सांगितली आणि दरवेळी लोक पोट धरून हसले. पण त्या दुपारी मी हसले नाही. मी घाबरले. येळवशीच्या दिवशी एकटी बाई सगळ्यांपासून लपवून हैदराबादच्या डॉक्टरकडं जाते म्हणजे काय असेल? शिवराजरावांना काही बोलले नाही. पोटात दुखतं म्हणून सांगितलं, तो डबा उचलला आणि मिळेल त्या जीपनं मैलूरला आले. अव्वांना विचारलं, तर त्या 'यील की' एवढंच म्हणाल्या, म्हणून तुझ्या ओट्यावर बसून राहिले. वाटेत मी देवाशी काय काय बोलले, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

रात्री उशिरा तू रिक्षातून उतरलीस. मी उठून तुझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

तू चपला काढल्यास. त्या नीट जोडून कडेला ठेवल्यास. मग म्हणालीस, "परीक्षा दिऊन आले."

मी हसले. मला खरंच वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा तू विनोद केलास. मग तुझा चेहरा बघितला आणि कळलं.

मी विचारलं, मला सोडून? तेव्हा तू ते वाक्य बोललीस. आवाज न चढवता, गणित समजावून सांगतेस तसं. "मंगे, तू काय खरंच जायलतीस का? तुझं सगळं गमतीवारीच असतंय की."

मी तुला परफिडियस म्हटलं. विश्वासघातकी. त्या पुस्तकातला माझा एक शब्द पहिल्यांदा कामाला आला. मग डबा उचलून मी घरी निघून आले. येळवशीचं अन्न दारातून परत नेऊ नये म्हणतात. मी नेलं, आणि रडत रडत सगळं एकटीनं खाल्लं, कारण मी रागात असले की मला भूक लागते.

तू मला न घेता गेलीस, हे मी कधीतरी सोसलं असतं. पण बाकी सगळं जग मला गंमत समजतं, नवरा समजतो, शाळा समजते, बारशाला आलेल्या बायका समजतात. त्या सगळ्यांसाठी मी गंमत आहेही. तेवढ्या जगात एक माणूस असा होता ज्यानं मला 'कुठल्या युनिव्हर्सिटीत' असं विचारलं होतं. तूही त्या बारशाच्या बायकांतलीच निघालीस. मग ते डाळीचे ढीग कशाला मांडलेस? करमणूक म्हणून?

तुझा निकाल चांगला लागला, हे मला शिवराजरावांच्या तोंडून कळलं. टॅसिटर्न माणसानं दिवसातली दोन वाक्यं त्यासाठी खर्च केली. पण तू कुठंच अर्ज केला नाहीस. अव्वांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, मग शिवराजरावांची कलबुर्गीला बदली, मग लेकाची बारावी. अगं, एवढं चोरून नेलंस तर वापरायचं तरी. चोरानंसुद्धा दागिना एकदा अंगावर घालून बघावा. तो निकाल पाच वर्षं चालतो म्हणे. म्हणजे अजून चालू आहे. तूच आधी संपलीस.

मी परीक्षा दिली नाही. गमतीत असलेल्या बाईनं कशाला द्यायची?

आपलं बोलणं सुटलं नाही, हेही खरं. माझी सासू पडली तेव्हा दवाखान्यात पहिली तूच आलीस. कांद्याचे भाव, पोरांचे मार्क, कुणाचं लग्न, सगळं बोललो. कधी शाळेतून परत येताना तुझा फोन यायचा, "मंगे, प्रोक्रॅस्टिनेट कुणाचं?" आणि मी रागात असूनही उत्तर द्यायची, "तुझ्या त्या 'उद्या येतो, उद्या येतो' म्हणणाऱ्या प्लंबरचं." पुढच्या येळवशीला तू आमच्या शेतात आलीस आणि त्याच्या पुढच्याही. आंबील शिंपडून झाली की लोक म्हणायचे, मंगलबाई, ती बसची गोष्ट सांगा. मी सांगायची. तू समोर बसलेली असताना सगळी नक्कल करून सांगायची, मडकं घेऊन चढणारे सासरे, खिडकीखालचा तुझा पदर, दोनदा घेतलेली भज्जी. तू लाल होऊन हसायचीस. ओट्यापाशी आले की मी थांबायची. तुला वाटायचं, मी तुझी लाज राखते. मी माझी राखत होते.

एकदा तू म्हणालीस, "मंगे, मला तुला एक सांगायचंय." आपण तुझ्या गच्चीवरच होतो. मी म्हटलं, बोल की. तू बराच वेळ सुपातली डाळ इकडून तिकडं केलीस आणि म्हणालीस, "राहू दे, मागनं सांगते." मीही खोदलं नाही. मला वाटलं, माफी मागशील आणि मला ती द्यावी लागेल. मला इतक्यात द्यायची नव्हती. मागनं म्हणजे कधी, हे विचारायला हवं होतं, नाही?

काल तुझ्या घरी बायका बसायला आल्या होत्या. हॉलमध्ये तुझा तोच परीक्षानळी फुटल्याचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं समई. भिंतीला टेकून अव्वा. शिवराजराव दाराशी. मग तुमच्या शेजारची अक्का माझ्याकडं वळून म्हणाली, मंगल, सांग की गं काहीतरी, तिला बी बरं वाटंल. ती बसची गोष्ट सांग.

मी सांगितली. कसं जमलं मला माहीत नाही, पण सगळं सांगितलं. मडकं आलं तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शिवराजरावही हसले, मग भिंतीकडं वळले. आणि ओट्यापाशी आल्यावर पहिल्यांदाच मी थांबले नाही. डबा सांगितला, हात धरले ते सांगितलं, आणि तुझं वाक्यही सांगितलं. म्हटलं, मला म्हणाली, तुझं सगळं गमतीवारीच असतंय.

मला वाटलं, झालं, मेलेल्या माणसाची चहाडी केली मी. तेवढ्यात भिंतीकडून अव्वा बोलल्या.

"लबाड बोल्ली बघ ती. गंमत न्हाई अन् काय न्हाई. भ्यायलती ती तुला. दर ऐतवारी गच्चीवरनं खाली आली की चुरमुरे भिजवत म्हणायची, अव्वा, मंगी फुडं जायलीय. मी येवढी कालेजात शिकवती, अन् ही उखाणे म्हणू म्हणू माझ्या फुडं जायलीय. एका दिवशी दोघी बसलाव अन् तिलाच जास्ती मार्क पडले, तर मी तोंड कुठं घालू म्हणायची. मग मीच म्हणले, येळवशीला जा एकली, समदे रानात असत्यात."

कुणीतरी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही, अव्वा? अव्वा म्हणाल्या, ती सांगू नको म्हणली होती. आता ती कशाला भांडायला येतीय.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी रडेन, असं त्यांना वाटलं असावं. पण आधी काय झालं ते तुला म्हणून सांगते. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. शाळेत पहिला नंबर आल्यावर होतात तशा. आणि त्या गुदगुल्यांच्या मागून असा संताप आला, निम्मे, की त्या ओट्यावरच्या रात्रीही आला नव्हता. गंमत म्हणून टाकून दिलं असतंस तर एक वेळ समजून घेतलं असतं. तू मला मोजलं होतंस. बरोबर मोजलं होतंस, आणि आकडा स्वतःपाशी ठेवून मला शून्य सांगितलंस.

मी उठले. तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले. हार नीट करेन, पाया पडेन, असं समजून अक्कानं मला जागा करून दिली. आणि तिथं, समईपुढं, भरल्या घरात, माझ्या तोंडून निघून गेलं:

"म्हंजे मी फुडं व्हते की गं, भवाने! अन् तू मला कळू बी दिलीस न्हाई!"